केडगावचे मुक्तिसदन आणि आमच्या गावची विधवा

ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की गावच्या पारावर लागलीच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, या लोकांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिले. त्यांच्यासारखे परोपकारी लोक दुसरे नाहीत. दुसरा तट म्हणतो, हे सारे बाटवण्याचे जाळे होय. भाकरीच्या तुकड्यात गळ लपवून मासे धरण्याचा हा धंदा आहे. दोन्ही तट तावातावाने भांडतात आणि मंडळी उठून घरोघर जातात. परंतु ज्या पारावर हे भांडण चालते, त्यापासून चार घरांवर एखादी विधवा दोन लेकरे घेऊन बसलेली असते. तिच्या चुलीत आज जाळ आहे की नाही, हे पाहावयास दोहोंपैकी एकही तट जात नाही. म्हणून आमचे आजचे लिहिणे दोन्ही तटांसाठी आहे.

धर्माची व्याख्या करीत बसण्याइतकी विद्वत्ता आमच्यापाशी नाही. आम्ही शेतकऱ्यांची व कारागिरांची पोरे शिकवणारे खेड्यातले मास्तर. पण एवढे आम्ही पाहिले आहे की, शेतकरी बैल विकत घेताना त्याच्या शिंगांच्या रंगास भुलत नाही. मानेवर जू ठेवून दोन तास चालवून पाहतो आणि मग पदरातला पैसा सोडतो. धर्माचीही हीच परीक्षा करावी असे आमचे मत आहे. तो कोणत्या देशातून आला, त्याचे पुस्तक कोणत्या भाषेत आहे, हे मागाहून पाहता येईल. दुष्काळाच्या जुवाखाली तो किती चालला हे आधी पाहावे. अशी परीक्षा झालेले एक ठिकाण आमच्या पुणे जिल्ह्यातच, दौंडच्या वाटेवर आगगाडीच्या रस्त्यालगत आहे. ते म्हणजे केडगाव येथील पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, ब्राह्मण शास्त्र्याच्या घरातला. बायकोस व मुलीस संस्कृत शिकवले म्हणून त्या शास्त्र्यास त्याच्याच लोकांनी छळले. पुढे तीर्थे करीत भटकत असता दुष्काळाने गाठले, आणि आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई व तिचा भाऊ तेवढे वाचले; तो भाऊही १८८० साली वारला. त्याच वर्षी बाईंनी जातीबाहेरच्या बंगाली गृहस्थाशी लग्न केले, व १८८२ साली तो पटकीने गेला. बावीस-चोवीस वर्षांच्या वयात एवढे भोगून, पदरी एक तान्ही मुलगी घेऊन ही बाई १८८३ साली विलायतेस गेली व तेथे तिने ख्रिस्ती धर्म घेतला. म्हणजे उपास, पोरकेपणा आणि वैधव्य ही तिन्ही संकटे तिने पुस्तकात वाचलेली नव्हती, अंगावर काढलेली होती. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे काम तिच्यातूनच निघाले आहे.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे बहुतेक उच्च जातींच्या विधवा शिकत. नंतर १८९६ सालचा दुष्काळ आला. मध्यप्रांतात गावेच्या गावे ओस पडली. पोरक्या मुली व तरुण विधवा रस्त्याने फिरू लागल्या, आणि त्यांना उचलून नेऊन विकणारे दुष्ट लोक ठिकठिकाणी टपून बसले. रमाबाई तिकडे गेल्या, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि सुमारे ३०० मुली व बाया त्या घेऊन आल्या. या मुली अनेक जातींच्या होत्या. कित्येकींच्या अंगावर केवळ हाडे, डोक्यात उवा आणि अंगभर फोड. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरल्यामुळे एवढी माणसे शहरात एकत्र ठेवण्यास सरकारची मनाई झाली. तेव्हा बाईंनी आधी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या सुमारे १०० एकर जमिनीत हे लटांबर नेले. आरंभी तंबू आणि झोपड्याच होत्या. पुढे १८९९–१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ पडला, ज्यास गुजराथ-राजपुतान्यात छपनिया म्हणत. त्यात आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तिसदनातील माणसांची संख्या दीड हजारावर गेली.

दीड हजार तोंडे म्हणजे काय हे शहरातल्या बाबूस कळणार नाही. ज्या माउलीने लग्नकार्यात दोनशे माणसांचा स्वयंपाक केला आहे तिला कळेल. आणि हे कार्य एक दिवसाचे नव्हते, वर्षानुवर्षांचे होते. ते कसे निभावले? बाईंनी या मुलींना नुसते खाऊ घालून बसवून ठेवले नाही. विहिरी खोदल्या, मळे लावले, गुरे पाळली. माग घातले, तेलाचा घाणा घातला, शिवणकाम सुरू केले, छापखाना आणला. खिळे जुळवणे, छापणे, पुस्तके बांधणे ही कामे मुलीच करू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच मुलींच्या हातून छापले गेले. आंधळ्या मुलींकरिता वेगळे घर झाले. बाईंची कन्या मनोरमा हिने त्यांना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकवली. फसलेल्या, टाकलेल्या बायांकरिता कृपासदन निराळे.

आमच्या साळी, कोष्टी, तेली, शिंपी बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. ज्या हुन्नरांना आमच्या शास्त्र्यांनी शूद्राची कामे म्हणून खाली बसवले, त्याच हुन्नरांनी केडगावी शेकडो बायकांना स्वतःच्या पायांवर उभे केले. वेदान्ताने त्यांची भूक भागली नाही, मागाने भागली. रमाबाई स्वतः मोठ्या संस्कृत पंडिता. त्यांना हे ओळखता आले, यातच त्यांचे खरे पांडित्य आहे असे आम्ही समजतो.

आता पैशाची गोष्ट सांगू, कारण आमचे लोक पुष्कळदा म्हणतात, “त्यांना काय, परदेशातून थैल्या येतात.” थैल्या येत होत्या हे खरे. परंतु त्या कोणी भरल्या? न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाच्या साप्ताहिकाने १९०० साली हिंदुस्थानच्या दुष्काळाची हकीकत छापली, वाचकांकडून वर्गणी गोळा केली आणि ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मका इकडे रवाना केला. एका वर्तमानपत्राच्या वाचकांनी सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांकरिता हे केले. देवळात गेल्यावर देवापुढे पैसा आम्हीही टाकतो. तो पैसा पुढे कोणाच्या पोटात जातो हे विचारण्याची रीत मात्र आमच्यात नाही, आणि तेथे ती होती. आमचे म्हणणे इतकेच आहे.

दुसरे उदाहरण मिरजेचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस हे १८८९ साली इकडे आले आणि १८९४ साली मिरजेस त्यांचे इस्पितळ उभे राहिले. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक येथून बैलगाड्या व आगगाड्या भरभरून रोगी येऊ लागले. मोतीबिंदूने आंधळी झालेली म्हातारी माणसे दिसू लागून घरी परतली. महारोग्यांकरिता वेगळा आश्रम झाला, क्षयरोग्यांकरिता आरोग्यधाम झाले. वानलेसवाडी हे नाव त्या भागातल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचा या डॉक्टरांशी मोठा स्नेह होता. या इस्पितळाची व्यवस्था ध्यानात घेण्याजोगी आहे: श्रीमंताकडून भरपूर फी घ्यावी आणि त्या पैशातून गरिबाचे औषधपाणी करावे. शिवाय १८९७ पासून डॉक्टरांनी येथील मुलांस वैद्यकी शिकवण्याचा वर्ग काढला. केडगावी माग आणि मिरजेस हा वर्ग, दोहोंतील तत्त्व एकच. मदत करणारा उद्या निघून गेला तरी मदत मागे राहावी.

इतके सांगितल्यावर दुसऱ्या तटाचे म्हणणेही आम्ही ऐकले पाहिजे. ते सर्वस्वी खोटे नाही. मुक्तिसदनात ख्रिस्ती उपासना उघडपणे शिकवली जाई, आणि तेथील मुली मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. त्यापूर्वीही शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात मोठे वादळ उठले होते, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. आमचे स्पष्ट मत असे की, उपाशी माणसाचा होकार हा पुरता होकार नव्हे. जेवणाच्या पानाशेजारी धर्माचा कागद ठेवून सही मागणे कोणत्याही धर्मास शोभत नाही. ते ख्रिस्ती धर्मास शोभत नाही तसेच आमच्याही धर्मास शोभत नाही. आणखी एक गोष्ट उघडी बोलली पाहिजे. महार-मांगांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांपैकी पुष्कळांस देवळाच्या नव्या दारातही जुन्या जातीने गाठले. येशूपुढे सारे समान, हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाक्यच राहिले.

परंतु याच बाईंचा स्वभावही पाहावा. विलायतेत ज्यांच्या आश्रयास त्या होत्या, त्या धर्मगुरूंशी व जोगिणींशी मनाच्या स्वातंत्र्यावरून त्यांचे खटके उडाले. बिशप सांगतो म्हणून मी मानावे काय, हा त्यांचा सवाल होता. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात व छावणीत बायकांची जी दैना होत होती, तिजविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड पत्र लिहिले, आणि मुंबईच्या गव्हर्नरास ते झोंबले. राज्य ख्रिस्ती लोकांचे, आपणही ख्रिस्ती, म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत. दुबळ्याची सेवा करणाऱ्याने दुबळ्याच्या बाजूने तोंडही उघडले पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले. नुसते पाणी पाजावयाचे आणि विहिरीला कुलूप कोणी घातले हे विचारावयाचे नाही, अशी सेवा अर्धीच होय.

मग आम्ही काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आमच्याच घरात केव्हाचे लिहून ठेवले आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांचे काम त्यांनी उचलले. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज काढून देव व भक्त यांच्यातला दलाल दूर केला. ब्राह्मण विधवांना पोटातले मूल मारावे लागू नये म्हणून त्यांनी आपल्या घरात सोय केली, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे पोरक्या मुलांकरिता अन्नाची छावणी चालवली. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यात त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव होत असता, १८८५ साली ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेणारे जोतीरावच होते. आणि ज्या १८९७ साली रमाबाई केडगावी दुष्काळातल्या मुलींच्या जखमा धूत होत्या, त्याच साली सावित्रीबाई प्लेग झालेल्या मुलास पाठीवर घेऊन मुलाच्या दवाखान्यात गेल्या, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा देह पडला. एक बाई ख्रिस्ती, दुसरी सत्यशोधक. दोघींनी देवाचे नाव हातांनी घेतले. या दोघींत कोणाचा धर्म खरा, असे विचारणाऱ्यास आम्ही विचारू की, तुझे हात त्या वेळी कोठे होते?

आता आजची गोष्ट. आज छपनिया नाही. पण कर्जापायी गळफास घेतलेल्या शेतकऱ्याची बायको विदर्भ-मराठवाड्यात गावोगाव आहे, आणि कोरोनाने २०२० व २०२१ साली किती घरांतला कर्ता नेला ते गावकऱ्यांस सांगावयास नको. अशा बाईचे पुढे काय होते ते आम्ही शाळेच्या हजेरीपटावरून ओळखतो. तेराव्यानंतर पहिल्यांदा मुलीच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागते. मग कळते की मुलगी मजुरीस जाते किंवा धाकट्यास सांभाळते. मग कळते की दीर-भाऊबंद म्हणतात, “तू माहेरी जा, जमिनीचे आम्ही पाहतो.” मग सावकार दारात येतो. आणि एके दिवशी चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर येते. या साऱ्या पायऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत उतरल्या जातात. त्या कोणी परक्या धर्माने बांधलेल्या नाहीत, आमच्याच हातच्या आहेत.

कायदा या बाईच्या बाजूस आहे, हे गावाने जाणावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वाट्यात विधवेस मुलाइतकाच वाटा आहे, मुलीसही तितकाच. विनापरवाना सावकाराने लाटलेली जमीन परत मागण्याची तरतूद २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे; त्याचा अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करावयाचा. पण चावडीवर अर्ज घेऊन एकटी जाण्याची त्या बाईस छाती होत नाही, आणि भाऊबंदांच्या भीतीने तिच्यासोबत कोणी जात नाही. अडते ते एवढ्यावर.

आणि गावाने मनावर घेतले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा वारला म्हणून बाईच्या बांगड्या फोडावयाच्या नाहीत, कुंकू पुसावयाचे नाही, मंगळसूत्र व जोडवी काढावयाची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांसही तसे करण्यास सांगितले. त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास, शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ चालवली, आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून दिली. या कामी परदेशची थैली लागली नाही, पाद्रीही लागला नाही.

म्हणून आमचे गावकऱ्यांस सांगणे असे. जत्रेची वर्गणी जमते तीत रुपयामागे दहा पैसे वेगळे काढावेत, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचावा. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर तेराव्याच्या जेवणावळीस कात्री लावावी, आणि महिना उलटण्याच्या आत गावातील दोन जाणत्या माणसांनी त्या बाईसोबत चावडीवर जाऊन सातबाऱ्यावर तिची व मुलांची वारसनोंद करून घ्यावी. गावात शिंपी आहे, सुतार आहे, माग आहे, दूधसंस्था आहे; ज्यास जो हुन्नर येतो त्याने तो त्या घरातल्या बाईस किंवा मुलास शिकवावा आणि पहिल्या कामाचे गिऱ्हाईक आपण व्हावे. मुलगी शाळेतून गळू न देणे हे आम्हा मास्तरांकडे लागले. तिच्या दारात आम्ही जाऊ.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, मदत घेणाऱ्याची जात व देव विचारू नये. ती बाई कोणत्या आळीची, देवळात जाते, विहारात, मशिदीत की चर्चमध्ये, हे विचारावयाचे असेल तर मदत करू नये. ज्या दोषाबद्दल आम्ही मिशनऱ्यांस नावे ठेवली तोच दोष आमच्या पदरी नको. दुसरे असे की, विधवेस मंडपात उभी करून, तिच्या हातात शिवणयंत्राचे हँडल देऊन, पुढाऱ्यांनी भोवती उभे राहून फोटो काढण्याचा जो नवा विधी निघाला आहे तो बंद व्हावा. त्या यंत्रावर ती बाई पुढे कपडे शिवते की नाही हे पाहावयास वर्षभरात एकही पुढारी येत नाही.

ज्यांस मिशनऱ्यांचा राग येतो त्यांनी हे करून दाखवावे. मग आमच्या गावची उपाशी मुलगी कोणाच्याही दारात जाणार नाही. ज्यांस मिशनऱ्यांचे कौतुक वाटते त्यांनीही हेच करावे. कारण कौतुकाने कोणाचे पोट भरत नाही. माघापासून वैशाखापर्यंत जत्रांचे दिवस. वर्गणीची पावतीपुस्तके लवकरच छापली जातील. ती छापावयास टाकण्यापूर्वी पंचांनी एकत्र बसून आपल्या गावात अशी घरे किती आहेत ते मोजावे, आणि पावतीपुस्तकाचे पहिले पान त्या घरांच्या नावे फाडावे.